यादीतली चिमणी

"या पोरीला तोंड हाय का नुसतं डोलंच?"

मावशी हे माझ्याबद्दल विचारत होत्या आणि मी त्यांच्या डोक्यावर होते. केबिनच्या छपरावर पालथी पडून मी एका पाइपच्या टोकाला ओळंबा बांधत होते, आणि खाली सावलीत बसून त्या आपल्या भावाशी बोलत होत्या. भाऊ म्हणजे बोटीचे तांडेल. त्यांनी चाक पुसता पुसता उत्तर दिलं, "शिकलेली हाय ती. शिकलेली मानसा इचार करून बोलतान."

"दोन दिवस इचारच करते?"

मी ओळंब्याच्या दोरीला आणखी एक गाठ मारली. तिची काही गरज नव्हती.

बोट मावशींची. भाऊच्या धक्क्यावर त्यांचा मासळीचा धंदा होता, आणि बोट पूर्वी मासेमारीलाच जायची. गेले दोन हंगाम ती बंदराचा तळ मोजणाऱ्या एका कंपनीकडे भाड्याने जात होती. या वर्षी कंपनीने सांगितलं, बोटीवर उपग्रहावर चालणारा कंपास असेल तरच घेऊ, नाहीतर पलीकडच्या बंदरातली दुसरी बोट तयार आहे. तो कंपास बसवायला आम्ही आलो होतो. आम्ही म्हणजे सर आणि मी. तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस तपासायला येणार होता. एक अंशापेक्षा जास्त चूक निघाली तर मावशींच्या बोटीचा हंगाम गेला, आणि सहा महिने उमेदवारी करून पहिल्यांदाच माझ्या हाती दिलेलं कामही गेलं.

या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. साध्या जीपीएसला बोट कुठे आहे ते कळतं, तिचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. बोट चालत असली तर अंदाज करता येतो, पण तळ मोजणारी बोट बऱ्याचदा जागच्या जागी डुलत असते. म्हणून दोन अँटेना लावायच्या, एक मागे आणि एक पुढे, मध्ये बरोबर दोन मीटर अंतर. उपग्रहांचे संदेश दोन्हींना अगदी किंचित मागेपुढे मिळतात. त्या फरकावरून यंत्र मागच्या अँटेनाकडून पुढच्या अँटेनाकडे जाणारी रेषा काढतं आणि सांगतं, तोंड इकडे. होकायंत्रासारखं त्याला इंजिनाच्या लोखंडाचं काही वाटत नाही. अट एकच, ती रेषा आणि बोटीची मधली रेषा एका दिशेला पाहिजेत. पाइपचं टोक दीडेक सेंटिमीटर सरकलं की अर्धा अंश गेला.

खोक्यातून त्या दोन पांढऱ्या अँटेना निघाल्या तेव्हा मावशींनी एक हातात घेऊन वजन बघितलं होतं. "या दोन इडल्या आमाला वाट दावनार?"

"वाट नाही मावशी, दिशा," सर म्हणाले.

"मंग वाट कोन दावनार?"

"मी हाय ना," तांडेल म्हणाले.

सर मूळचे पुण्याचे, राहायला ठाण्याला. माणूस चांगला. कुणावर ओरडत नसत आणि डब्यातली चटणी सगळ्यांना देत. आमचं ऑफिस गिरगावात, लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर होतं. मार्गशीर्ष ते वैशाख खालून शाईचा वास यायचा आणि एरवी कधीकधी खालच्या माणसाचं घोरणं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "राहतेस कुठे?"

"दादर," मी म्हटलं.

"दादरला कुठे?"

"शिवाजी पार्क."

हे मी ठरवून केलं नव्हतं. शाळा तिथे होती, दहा वर्षं रोज तिथे जात होते, खोटं बोलायचं तर पत्ता निदान ओळखीचा निघाला. शाळेत असताना एकदा खरा पत्ता सांगून बघितला होता. लालबाग म्हटल्यावर मुली "ओह, गणपती!" म्हणाल्या आणि त्यानंतर कुणी काही म्हणालंच नाही. तेव्हापासून मी कमी बोलायची सवय लावून घेतली. कमी बोललं की कमी लक्षात ठेवावं लागतं.

पण सरांना गप्पांची आवड. एका संध्याकाळी त्यांना माहीमला काम होतं, तर म्हणाले, चल, तुला घरी सोडतो. गाडीतून मी एका इमारतीकडे बोट दाखवलं, कारण तिच्या फाटकावर बोगनवेल होती. उतरले. हात हलवला. गाडी जाईना, मी आत शिरेपर्यंत थांबणं हा सरांचा सभ्यपणा. मी फाटकाच्या आत दोन पावलं गेले. वॉचमन उठला. "किससे मिलना है?" मी खाली वाकून चपलेचा पट्टा बांधायला लागले. पट्टा बांधलेलाच होता. गाडी गेल्यावर वॉचमनला सॉरी म्हणून मी लालबागपर्यंत चालत आले. पुढे महिन्यातून एकदा तरी सर विचारायचे, "काय, तुमची बोगनवेल काय म्हणते?" आणि मी म्हणायची, "छाटली, सर," किंवा "फुललीय." एकदा तर मी तिला कीड लावली आणि सरांनी औषध सुचवलं.

ज्या वर्षी गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी मी जन्मले. चाळीत मला बरीच वर्षं "संपातली" म्हणायचे, एखादीला थोरली किंवा धाकटी म्हणावं तसं. बाबा गिरणीत बॉयलरवर होते. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, पण बाबा परत आत गेले नाहीत आणि पुढे परळच्या एका इस्पितळाच्या बॉयलरवर लागले. बॉयलर तो बॉयलर, ते म्हणायचे, तिथे सूत व्हायचं, इथे चादरी उकळतात. आई पोळ्या लाटून द्यायला लागली आणि हट्टाने तिने मला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेच्या डायरीत पालकांची सही बाबा मराठीत करायचे. ते पान मी कुणाला दिसणार नाही असं धरायची.

गिरणी बंद पडली तरी तिची चिमणी उभी होती. आमच्या गॅलरीतून दोन चिमण्या दिसायच्या, आमची आणि शेजारच्या गिरणीची. आमची गोल होती. शेजारची आठकोनी, आणि तिच्या टोकाला पिंपळ उगवला होता. बाबांच्या मते पिंपळ उगवणं हा शेजारच्या गिरणीचा गलथानपणा. आमच्या चिमणीबद्दल मात्र ते काहीही सांगायचे.

"दर्यातसून दिसता ती," ते म्हणायचे. घरात बाबा मालवणीच बोलतात. "बोटवाले तिच्यार नजर ठेवन बंदरात येतत."

मी तेव्हा चौथीत. शाळेत नुकतंच दीपगृहाचं चित्र काढलं होतं. "बाबा, त्याला लाइटहाऊस असतं. चिमणी नाही."

"लायटहाऊसाक धूर येता काय?"

"नाही."

"मगे? हिका येय होतो."

मला वाटलं, बाबा थापा मारतात. सातवीत असताना ती चिमणी पाडली. पाडली म्हणजे सुरुंग वगैरे नाही. चार माणसं वर चढून हातोडीने एकेक वीट काढायची आणि आतल्या पोकळीतून खाली सोडायची. दीडेक महिना चाललं. चाळ गॅलरीत उभी राहून क्रिकेटची मॅच बघावी तशी बघायची, आणि बाबा इस्पितळातून आले की चहाचा कप घेऊन आढावा घ्यायचे. "आज दोन हात उतरली. बरोबर काढतत हां. काय घाय नाय तेंका." मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. वाटलं असेलही, पण त्यांना दुसऱ्याचं नीट केलेलं काम बघायची हौस जास्त होती.

मग हा कंपास बसवायच्या आठवडाभर आधी सरांनी ऑफिसात माझ्यासमोर एक झेरॉक्स ठेवली. बंदरातून दिसणाऱ्या पक्क्या खुणांची जुनी टाइप केलेली यादी. प्रत्येक खुणेपुढे अक्षांश-रेखांश. यंत्र बसवून झालं की बोटीचं तोंड यातल्या एखाद्या खुणेवर धरायचं. बोट कुठे आहे ते माहीत, खूण कुठे आहे ते यादीत, म्हणजे दोघांमधली दिशा गणिताने काढता येते. तेवढीच यंत्राने दाखवली पाहिजे. मी वाचत गेले. दीपगृह. पाण्याची टाकी. एक घुमट. आणि सातव्या ओळीत बाबांची गिरणी. चिमणी, लालबाग, ठळक.

मी ती ओळ तीनदा वाचली. बाबा थापा मारत नव्हते.

"ही चिमणी अजून असेल ना गं?" सर म्हणाले. "तुमच्या दादरहून जवळच."

मी सरळ सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्यामागून दुसरं आलं असतं, तुला कसं माहीत, आणि त्यामागून बोगनवेल.

"मी तिकडे जात नाही, सर."

"बरोबर. तू कशाला जाशील तिकडे." त्यांनी सहज म्हटलं आणि यादी फाइलला लावली. मला वाटलं, बाकी इतक्या खुणा आहेत, हीच कशाला लागेल?

तर आता बोटीवर. पाइप बसवायला मी दोन दिवस घेतले. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या निमुळत्या टोकापासून, मागच्या फळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणली. फळीचा मध्य डावीकडून मोजला, उजवीकडून मोजला, मग तांडेलांनी वितीने मोजून मला बरोबर ठरवलं. पाइपच्या दोन्ही टोकांना ओळंबे सोडले. धक्क्याला बांधलेली बोटसुद्धा हलते, त्यामुळे ओळंबे सतत झुलायचे आणि त्यांच्या झोक्याचा मध्य डोळ्यांनी पकडावा लागायचा. माझं हे बघत बसणं मावशींना फार विचित्र वाटत असावं. पण बघत बसणं हे एकच काम मला लहानपणापासून येत होतं आणि पहिल्यांदाच त्याचा कुणाला तरी उपयोग होणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही ओळंबे दोरीवर आले. वेल्डरने पाइपचे पाय छपराच्या लोखंडी पट्टीला जोडले. दोन्ही इडल्या लावल्या, सारख्या लांबीच्या केबल आत ओढल्या, आणि आम्ही चौघं शिवडीच्या समोर पाण्यात गेलो. मावशींना सरांनी धक्क्यावर थांबायला सांगितलं होतं.

"माजी होरी. मी बगनार," त्या म्हणाल्या आणि डिझेलच्या पिंपावर बसल्या. बोटीला त्या होरी म्हणायच्या.

हवा धुरकट होती. दीपगृह दिसत नव्हतं. पाण्याच्या टाकीसमोर एक मोठं जहाज नांगरून पडलं होतं. घुमट नव्या इमारतींच्या मागे गेलेला. सर दुर्बीण फिरवत होते. मध्येच थांबले आणि खूश होऊन म्हणाले, "सापडली! लालबागची चिमणी. वा, अगदी ठळक."

मी फाइल उघडून यादीतली सातवी ओळ पुन्हा वाचली.

"तांडेल, नाळ त्या चिमणीवर धरा."

तांडेलांनी धरली. त्यांचा हात असा होता की बोट चिमणीला खिळ्याने ठोकल्यासारखी स्थिर झाली. यादीतल्या आकड्यांवरून सरांनी लॅपटॉपवर दिशा काढली, दोनशे एक्क्याऐंशी पूर्णांक सहा. यंत्र दाखवत होतं दोनशे पंच्याऐंशी पूर्णांक सात. फिरून पुन्हा आलो. तेच. तिसऱ्यांदा, तेच. चार अंश आणि वर थोडंसं.

"चूक दर वेळी सारखी आहे," सर म्हणाले. "म्हणजे यंत्र ठीक. बसवण्यात गडबड आहे. दोरी नीट ताणली होतीस ना?"

"हो, सर."

"मध्य?"

"दोनदा मोजला."

"मी बी मोजला," तांडेल म्हणाले.

सर विचारात पडले. चार अंश म्हणजे दोन मीटरच्या पाइपला चौदा सेंटिमीटर. इतकं कुणी चुकत नाही हे त्यांनाही कळत होतं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बोटच वाकडी आहे."

पिंपावरून मावशी उठल्या. "काय बोललास?"

"मावशी, लाकडी बोटी डोळ्यांच्या अंदाजाने बांधतात. थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

"माजी होरी वाकरी? माज्या सासऱ्यानी बांधली ती. त्याचा डोला वाकरा व्हता काय?"

"तसं नाही हो—"

"वाकरी असती ना साहेब," तांडेल चाकावरून म्हणाले, "तं मी बावीस वर्सा गोल गोलच फिरलो असतो. घरी कवा गेलोच नसतो."

"गेलास तरी काय उजेड पारतोस," मावशी म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष सरांवरच होतं. "तुज्या इडल्या वाकऱ्या असतील."

मी दुर्बीण मागून घेतली. कुणी बघत नव्हतं. चिमणी गोल नव्हती, तिच्या कडा दिसत होत्या. टोकावर हिरवं काहीतरी होतं आणि ते वाऱ्यावर हलत होतं. शेजारच्या गिरणीचा गलथानपणा आता चांगला जाडजूड झाला होता.

"सर," मी म्हटलं, "दुसरी खूण घेऊया का?"

"कुठली घेणार? सगळं धूसर आहे, ओहोटी लागलीय. चिमणीइतकं स्वच्छ काही नाही."

"यादी जुनी असेल."

"चिमणी काय चालत जाते?" ते हसले. चिडून नव्हे. त्यांना वाटलं, मी माझ्या पाइपची बाजू घेतेय.

धक्क्याकडे परतताना त्यांनी ठरवून टाकलं. यंत्रात चार अंशांची दुरुस्ती लिहून भागणार नव्हतं, कारण पाइपच सरळ हवा अशी कंपनीची अट होती. वेल्डरला फोन केला. पाइपचे पाय कापायचे, चार अंश फिरवायचे, पुन्हा जोडायचे. आणि अहवालात लिहायचं की बोटीचा सांगाडा सरळ नसल्यामुळे असं करावं लागलं. हे त्यांनी मावशींना समजावून सांगितलं तेव्हा त्या नाळेपाशी जाऊन लाकडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बोट वाकडी असं एकदा कागदावर आलं की ती पुढे कोण भाड्याने घेणार?

मी मागच्या बाजूला बसून वहीत गणित केलं. शाळेची बस पकडायला मी रोज आमच्या गिरणीच्या फाटकापासून शेजारच्या गिरणीच्या फाटकापर्यंत चालायची. दोन्ही चिमण्या आपापल्या फाटकाला लागून. रस्ता बहुतेक सरळ उत्तरेकडे. वाटेत कुणाकडे बघावं लागू नये म्हणून मी पावलं मोजायची. चारशे दहा. माझ्या तेव्हाच्या पावलाने हे दोनशे नव्वद मीटरच्या आसपास येतं. बोट चिमणीपासून चार किलोमीटरवर होती. भागाकार केला, कोन काढला.

चार पूर्णांक एक.

मी वही मिटली. माझा पाइप सरळ होता, मावशींच्या सासऱ्यांचा डोळा सरळ होता, आणि उद्या सकाळी कंपनीचा माणूस येईल तेव्हा दोन्ही वाकडे झालेले असतील, कारण मी तिकडे जात नाही. काही वाक्यं तयार करून बघितली. सर, पेपरात वाचलं होतं की ती पाडली. कुठल्या पेपरात? सर, माझी एक मैत्रीण तिथे राहते. पण मग आठवड्यापूर्वी का नाही बोललीस? प्रत्येक वाक्याला आणखी एक बोगनवेल लावावी लागत होती. एक वाक्य असं होतं की ज्याला पुढे काहीच लावावं लागत नव्हतं, आणि ते सोडून मी बाकी सगळी घासून बघत होते.

धक्क्यावर वेल्डर ग्राइंडर घेऊन उभाच होता. संध्याकाळच्या बोटी आल्या होत्या. टोपल्या, बर्फ, कोळणींचा आरडाओरडा. आमच्या शेजारच्या बोटीवरचे लोक काम थांबवून बघायला लागले, कारण छपरावर तीन-चार माणसं चढली की काहीतरी बघण्यासारखं असणारच. सरांनी खडूने नवी रेघ मारली. माझ्या रेघेपासून चौदा सेंटिमीटर डावीकडे. मला पाइपचं टोक धरायला सांगितलं.

मावशी शिडीवरून अर्ध्या वर आल्या आणि छपराच्या कडेला हनुवटी टेकून उभ्या राहिल्या. शेजारच्या बोटीवरून कुणीतरी विचारलं, "काय गो, काय कापताय?"

"काय नाय रे," त्या म्हणाल्या. "होरी वाकरी हाय माजी. सरल करतान."

हे त्यांनी हसत म्हटलं. पण मान फिरवली ती समुद्राकडे, आणि पदराचं टोक तोंडात धरलं. सगळ्या धक्क्याला ओरडून गप्प करणारी बाई.

ग्राइंडर सुरू झाला. त्याचा आवाज असा की शेजारी उभ्या असलेल्या सरांनाही मला ओरडूनच सांगावं लागणार होतं. मी आयुष्यात ओरडले नव्हते. शाळेत तर प्रार्थनेतसुद्धा मी ओठ हलवायची. वेल्डरने चाक पाइपच्या पायाला लावलं, पहिली ठिणगी माझ्या हातावर आली, आणि मी पाइप सोडून दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. "थांबा!" तो दचकला. त्याने बटण बंद केलं, पण माझं वाक्य ग्राइंडरच्या आवाजासाठी सुरू झालं होतं, ते तेवढ्याच मोठ्याने पुढे गेलं आणि धक्क्यावरच्या निदान तीन बोटींनी ऐकलं:

"सर, कापू नका! बोट सरळ आहे, ती चिमणी यादीतली नाहीये! यादीतली माझ्या बाबांच्या गिरणीची होती, ती मी सातवीत असताना पाडली, ही शेजारची आहे, चारशे दहा पावलं पुढे! मला माहीत आहे, कारण मी लालबागला राहते, सर, चाळीत. शिवाजी पार्कला माझी फक्त शाळा होती!"